बंदूक एक, सह्या चार

8 नोव्हेंबर 1800 रोजी वॉशिंग्टनमधली अमेरिकी युद्धखात्याची भाड्याची कचेरी जळाली. फिलाडेल्फियाहून राजधानी हलवून काही महिनेच झाले होते. आगीत खात्याचे सुरुवातीचे सारे दप्तर गेले. पुढे दोनशे वर्षांनी इतिहासकारांनी एक युक्ती केली. कचेरीतल्या प्रती जळाल्या, तरी ज्यांना पत्रे पाठवली त्यांच्याकडे ती असणारच. मग सेनापती, कंत्राटदार, कोठावळे, करवसुली अधिकारी अशांच्या दप्तरांतून ती शोधली, आणि आज जॉर्ज मेसन विद्यापीठाने 40,000 हून अधिक कागद इंटरनेटवर खुले केले आहेत.

संपादकांनी मला सुचवला होता तो विषय भारदस्त होता: एका कोवळ्या प्रजासत्ताकाची पहिली युद्धतयारी. त्यांना तोफा आणि लढाऊ जहाजे अपेक्षित असावीत. मी मात्र टोप्या, बुटांचे जोड, गारगोट्या आणि पावत्या यांतच गुंतून पडलो.

अधिकृत इतिहास थोडक्यात असा. स्वातंत्र्ययुद्ध संपल्यावर अमेरिकेने आपले सैन्य जवळजवळ मोडीत काढले. खडे सैन्य म्हणजे उद्याची हुकूमशाही, अशी भीती तिथल्या राजकारणात मुरलेली होती. 1792 च्या कायद्याने नागरिकांच्या फौजेतल्या प्रत्येक शिपायाने बंदूक, संगीन, दोन जादा गारगोट्या आणि किमान 24 काडतुसे मावणारी पेटी स्वतःच्या खर्चाने आणायची होती. सरकारने फक्त हुकूम द्यायचा. त्याच्या आदल्या वर्षी, 4 नोव्हेंबर 1791 रोजी, जनरल सेंट क्लेअर यांच्या फौजेचा वायव्येकडच्या मूलनिवासी जमातींनी धुव्वा उडवला होता. सहाशेहून अधिक माणसे पडली. प्रतिनिधिगृहाच्या चौकशी समितीने बराचसा दोष रसद पुरवणाऱ्यांच्या माथी मारला.

मग व्यवस्था उभी राहिली. 1794 मध्ये सरकारी शस्त्रशाळांचा कायदा झाला. स्प्रिंगफील्डच्या शाळेतून 1795 साली 245 बंदुका बाहेर पडल्या. हार्पर्स फेरीची जागा खुद्द वॉशिंग्टन यांनी निवडली. 1795 मध्येच अर्थखात्यात सरकारी खरेदी अधिकाऱ्याचे पद निर्माण झाले आणि मला खिळवून ठेवणारी गंमत तिथून सुरू झाली. माल हवा, असे युद्धमंत्री म्हणणार. विकत घेणार खरेदी अधिकारी. कोठारात ठेवणार आणि देणार लष्करी भांडारांचा अधीक्षक. हिशेब तपासणार युद्धखात्याचा लेखापाल, आणि त्याच्या डोक्यावर पुन्हा अर्थखाते. एका बंदुकीमागे चार सह्या. पैसा खाल्ला जाऊ नये म्हणून केलेली ही रचना होती आणि त्या कामापुरती ती वाईटही नव्हती. पण बंदूक वेळेवर शिपायाच्या हातात पडली का, हे पाहण्याची जबाबदारी चौघांपैकी एकाचीही नव्हती.

1798 मध्ये फ्रान्सशी युद्ध जुंपणार असे दिसू लागले आणि तहान लागल्यावर विहीर खणायला सुरुवात झाली. मे महिन्यात काँग्रेसने तोफा, शस्त्रे आणि दारूगोळ्यासाठी 8 लाख डॉलर मंजूर केले. खरेदीचे आदेश आता युद्धमंत्र्यांकडून निघू लागले, पण कचेऱ्या वेगवेगळ्याच राहिल्या. त्यात फिलाडेल्फियात पीतज्वराची साथ आली की सरकार उठून ट्रेंटनला जाई. सैन्याची उभारणी करणारे अलेक्झांडर हॅमिल्टन युद्धमंत्री मॅकहेन्री यांना पत्रांवर पत्रे लिहून शिपायांच्या टोप्यांबद्दल तक्रार करत होते. सरसेनापती म्हणून पुन्हा बोलावलेल्या वॉशिंग्टन यांनी फिलाडेल्फियाच्या शिंप्याकडे नवा गणवेश सांगितला, तर त्यावरच्या कशिद्यासाठी सोन्याची जर मिळेना. डिसेंबर 1799 मध्ये ते वारले, तोवर गणवेश हाती आलेला नव्हता.

1798 मधलेच एक कंत्राट मी पुन्हा पुन्हा वाचले. कापसातली सरकी काढणाऱ्या यंत्राने नाव मिळवलेला, पण त्याच्या पेटंटच्या खटल्यांत कर्जबाजारी झालेला इलाय व्हिटनी. त्याने जन्मात एकही बंदूक बनवली नव्हती. 14 जून 1798 रोजी त्याने 10,000 बंदुका दर नग 13 डॉलर 40 सेंटने देण्याचे मान्य केले. मुदत होती 30 सप्टेंबर 1800. त्या तेजीत एकूण 27 कंत्राटदारांकडे 40,200 बंदुका सोपवल्या गेल्या होत्या. व्हिटनीचा वाटा त्यात सर्वांत मोठा.

घोडे पेंड खात होते ते बंदुकीच्या चापयंत्राशी. नळी ठोकून, जोडून होते. दस्ता सुतार घडवतो. पण घोडा, त्याच्या जबड्यातली गारगोटी, ती जिच्यावर आपटून ठिणगी पाडते ती पोलादी पट्टी, खाली रंजकाची वाटी, आत मुख्य कमान आणि तिला अडवून धरणारी खाचेची कळ, हे सारे एकमेकांत अचूक बसावे लागते. कमान फार कडक झाली की गारगोटी फुटते, सैल पडली की ठिणगीच पडत नाही. जुना कारागीर प्रत्येक भाग कानशीने घासून दुसऱ्याशी जुळवून घेई. म्हणून एका बंदुकीची कमान दुसरीला चालत नसे, आणि रणात चाप मोडला तर अख्खी बंदूक निकामी.

व्हिटनीने सांगितले की आधी यंत्रे बनवीन, मग बंदुका. सगळे भाग एकसारखे, कोणताही कुठेही बसेल. मुदत टळत राहिली, आगाऊ रकमा वाढत राहिल्या. जानेवारी 1801 मध्ये त्याने राजधानीत येऊन मावळते आणि भावी अध्यक्ष, म्हणजे ॲडम्स आणि जेफरसन, यांच्यापुढे चापांचे भाग अदलाबदल करून दाखवले. मंडळी थक्क झाली. पहिल्या 500 बंदुका मिळाल्या सप्टेंबर 1801 मध्ये, शेवटच्या जानेवारी 1809 मध्ये. फ्रान्सशी समेट होऊन तोवर आठ वर्षे उलटली होती.

विसाव्या शतकात अभ्यासकांनी उरलेल्या व्हिटनी बंदुका उघडल्या, तेव्हा आतल्या भागांवर जोड्या ओळखण्याच्या खुणा सापडल्या. भाग एकसारखे असते तर खुणांची गरजच नव्हती. खरी अदलाबदल पुढे 1820 च्या दशकात हार्पर्स फेरीला जॉन हॉल यांच्या रायफलींत साधली. तरी मला व्हिटनीचा राग येत नाही. सरकारला हवी होती आशा, आणि त्याने ती नीट बांधून विकली. काळजी वाटते ती घेणाऱ्याची. मालाचा नमुना तपासण्यापेक्षा विकणाऱ्याच्या बोलण्यावर ते राज्य विसंबले.

पुढची धमकी इंग्लंडची. 1808 मध्ये काँग्रेसने नागरी फौजांना शस्त्रे देण्यासाठी दरवर्षी 2 लाख डॉलर ठरवले. आता खरेदी अधिकारी होते टेंच कॉक्स. देशी कारखानदारीचा हॅमिल्टन यांचा प्रसिद्ध अहवाल तयार होताना त्यांचा हात त्यात होता. आयुष्यभर ज्या देशी उद्योगाची वकिली केली, त्याच्याकडूनच आता माल वसूल करायचा होता. त्यांनी 19 कंत्राटदारांना 85,200 बंदुका सांगितल्या, दर 10 डॉलर 75 सेंट. बरेचसे कंत्राटदार या धंद्यात कोरे. काहींनी हात टेकले, आणि 1812 चे युद्ध सुरू होईपर्यंत निम्म्याही बंदुका आल्या नव्हत्या. शिवाय कोठारे सांभाळणारे अधीक्षक कॅलेंडर अर्विन म्हणू लागले की कॉक्स निकृष्ट माल घेतात. खरेदीदार आणि कोठावळा यांची जुंपली, आणि वाद मिटला तो पदच रद्द होऊन. मार्च 1812 मध्ये नवा कायदा झाला. अर्विन नव्या खरेदी खात्याचे प्रमुख झाले, कॉक्स घरी गेले.

ही तारीख पाहा: मार्च 1812. दहा वर्षांपूर्वी काटकसर म्हणून मोडलेले रसद खाते याच कायद्याने पुन्हा जन्माला आले. शस्त्रास्त्र खाते मे महिन्यात. युद्धाची घोषणा 18 जूनला. युद्धमंत्री विल्यम युस्टिस पेशाने वैद्य, आणि हाताशी मूठभर कारकून. युद्ध जाहीर झाल्याचे पत्र डेट्रॉइटकडे निघालेल्या जनरल हल यांना साध्या टपालाने गेले. ते 2 जुलैला पोचले. त्याआधी त्यांनी सामानसुमान, औषधे आणि कागदपत्रे एका गलबतावर चढवून पुढे पाठवली होती. इंग्रजांना बातमी आधीच कळली होती. त्यांनी गलबत धरले. 16 ऑगस्टला डेट्रॉइट शरण गेले.

कापडाचे रडगाणे निराळेच. चांगले लोकरी कापड इंग्लंडहून येई, आणि इंग्लंडशी व्यापार आधी बंदीने, मग युद्धाने अडला. गणवेशाचे निळे कापड पुरेना, म्हणून रंगरूटांना तपकिरी, करडे, काळे, मिळेल ते डगले मिळाले. फिलाडेल्फियाच्या शूइलकिल शस्त्रागारात कापड बेतले जाई आणि शहरातल्या बायका ते घरी नेऊन नगावर मजुरी घेऊन शिवत. बंदुकीच्या दारूला लागणारा सोरा यायचा तो आपल्या बंगाल-बिहारकडून. तो अडल्यावर केंटकीतल्या मॅमथ गुहेत गुलाम मजुरांकडून माती उकरून सोरा काढला गेला.

सर्वांत वाईट होते शिध्याचे. कायद्याने शिपायाला रोज सव्वा पौंड गोमांस किंवा पाऊण पौंड डुकराचे मांस, 18 औंस पाव किंवा पीठ आणि थोडी दारू. शंभर शिध्यांमागे साबण, मीठ, सिरका, मेणबत्त्या. कागदावर नेटके. पण हे देणार खासगी कंत्राटदार, सर्वांत कमी बोली लावणारा. भाव आधीच ठरलेला, त्यामुळे जितके कमी आणि हलके द्यावे तितका त्याचा नफा. तो लष्करी शिस्तीखाली नाही. मोहीम रानात घुसली आणि वाहतूक महागली की तो सरळ हात वर करी. सेनापतीला उपाशी फौज घेऊन थांबावे लागे आणि तोडगा वॉशिंग्टनहून येईपर्यंत मोसम सरे.

यात एक माणूस मला आवडून गेला: युद्धखात्याचे लेखापाल विल्यम सिमन्स. एकेका रकमेसाठी वरिष्ठांशी भांडणारा, हेकट. 1814 च्या उन्हाळ्यात अध्यक्ष मॅडिसन यांनी त्यांना काढून टाकले. ऑगस्टमध्ये राजधानीजवळच्या ब्लेडन्सबर्गला टेहळणीला घोड्यावर निघालेल्या याच सिमन्स यांनी, शत्रू गावात शिरला आहे असे सांगून, मॅडिसन यांना ऐन वेळी मागे फिरवले. नाहीतर अध्यक्षच इंग्रजांच्या हाती पडते.

शेवटी 1818 मध्ये काँग्रेसने शिध्याची खासगी कंत्राटे मोडून स्वतंत्र अन्नपुरवठा खाते उभे केले. मालाची जबाबदारी एकाच्या गळ्यात घालायला त्या प्रजासत्ताकाला दोन युद्धप्रसंग आणि जवळजवळ तीस वर्षे लागली. आपल्याकडे संरक्षण खरेदीची बातमी आली की आपण रक्कम वाचतो आणि दलाल शोधतो. त्याबरोबर आणखी एक विचारावे: माल मोजून, तपासून, वेळेवर ताब्यात घेण्याला जबाबदार असा एक माणूस नेमला आहे का? तो नसेल, तर हिशेब चोख राहील आणि शिपाई रिकाम्या हाताने उभा असेल.