सेन्सिटिव्हिटी ‘हाय’ केली की अंधारात जास्त दिसतं?

कॅमेरा बसवणारा जाता जाता सांगतो, “नाइट व्हिजनची सेन्सिटिव्हिटी हायवर ठेवलीय, आता काळजी नको.” घरचे निर्धास्त होतात, आणि नेमकी गरज पडते त्या रात्रीच्या रेकॉर्डिंगमध्ये चेहऱ्याच्या जागी पांढरा डाग निघतो.

मुळात बहुतेक कॅमेऱ्यांत या सेटिंगचा किती लांबचं दिसेल याच्याशी संबंधच नसतो. उजेड किती कमी झाला की रंगीत चित्रावरून कृष्णधवल चित्रावर जायचं, एवढंच ते ठरवतं. दिवसा सेन्सरसमोर इन्फ्रारेड अडवणारी बारीक काच असते, नाहीतर रंग बिघडतात. अंधारलं की ती बाजूला सरकते आणि लेन्सभोवतीचे इन्फ्रारेड दिवे लागतात. तिन्हीसांजेला कॅमेऱ्यातून ‘टक्’ असा आवाज येतो तो या काचेचा. तो बिघाड समजून तक्रार करू नये. पण सेटिंग चुकलं, तर रस्त्यावरून गाडीचा हेडलाइट फिरला की कॅमेरा दिवसाच्या मोडवर उडी मारतो, गाडी गेली की परत रात्रीच्या. त्या अदलाबदलीतल्या क्षणांचं चित्र वाया जातं. म्हणून मोड बदलण्याआधी काही सेकंद थांबण्याची सोय ॲपमध्ये असेल तर ती वापराच. ‘हाय’चा अर्थ सगळ्या कंपन्यांत एकच नसतो, त्यामुळे हे सेटिंग भर दुपारी लावण्यात अर्थ नाही. संध्याकाळी दिवेलागणीला मोबाईल हातात घेऊन लावा.

मग चेहरा पांढरा का पडतो? इन्फ्रारेड दिवे जितके प्रखर तितकं बरं, या समजुतीमुळे. कॅमेऱ्यापासून दीड मीटरवर उभ्या असलेल्या माणसावर सहा मीटरवरच्या माणसापेक्षा सोळापट प्रकाश पडतो. दारातल्या कॅमेऱ्याचे दिवे पूर्ण जोरात असतील, तर दारात आलेला माणूसच ओळखू येत नाही. दिव्यांचा जोर कमी करा, किंवा तो आपोआप जुळवणारं सेटिंग चालू ठेवा. उलट त्रासही होतो: लेन्सच्या कडेला भिंत, पन्हळ किंवा कुंडीतलं झाड आलं, तर दिव्यांचा प्रकाश त्यावरून परततो, कॅमेरा त्या झगमगाटाला जुळवून घेतो आणि फाटक काळोखात जातं. खिडकीच्या काचेआड ठेवलेल्या कॅमेऱ्याचंही हेच. तिथे त्याचे दिवे बंद करून बाहेर वेगळा दिवा लावावा.

हालचाल ओळखण्याची सेन्सिटिव्हिटी ही निराळीच गोष्ट, आणि घोळ सगळ्यात जास्त इथे होतो. रात्री नीट दिसत नाही म्हणून लोक हीच वाढवतात. चित्र तसूभरही सुधारत नाही. मात्र लेन्ससमोरचे किडे, पावसाचे थेंब, कोळ्याचं जाळं इन्फ्रारेडमध्ये चमकतं आणि रात्रभर मोबाईल वाजतो. वैतागून घरचे नोटिफिकेशनच बंद करतात. मला यातला खरा धोका हाच वाटतो. त्यापेक्षा लेन्सभोवतीची जाळी पुसा आणि फक्त फाटक व पायऱ्या यांच्यापुरताच झोन आखा. बॅटरीवरचे बरेच कॅमेरे शरीराच्या उष्णतेवरून माणूस टिपतात. विदर्भातल्या मे महिन्याच्या तापलेल्या रात्री भोवतालचं तापमान अंगाच्या जवळ पोचतं, तेव्हा ते कमी पडतात; तिथे मात्र सेन्सिटिव्हिटी वाढवणं योग्य.

संपूर्ण अंधारातही रंगीत चित्र देणारा कॅमेरा नसतोच. जाहिरातीतल्या तशा कॅमेऱ्याला मोठी लेन्स असली तरी थोडा उजेड लागतो, नाहीतर स्वतःचा पांढरा दिवा लावावा लागतो. फाटकाशी रात्रभर जळणारा एक साधा एलईडी बल्ब बऱ्याचदा कुठल्याही सेटिंगपेक्षा जास्त काम करतो.

आणि पोलिसांना वर्णन देताना जपा. इन्फ्रारेड चित्रातला रंग खरा नसतो: काही कापडं काळी असूनही त्यात पांढरट दिसतात. ‘पांढऱ्या शर्टातला माणूस’ असं सांगण्याआधी ते चित्र दिवसाच्या मोडमधलं होतं की रात्रीच्या, हे पाहून घ्या.