सुट्टीतली पोरं, वाफ्यातली भाजी आणि गरजूंचं ताट

शाळेची परसबाग म्हटली की काय आठवतं? जूनमध्ये नारळ फुटतो, फोटो निघतो. श्रावणात दोडका मांडवावर चढतो. आणि पुढच्या जूनमध्ये पाहावं तर नुसत्या काटक्या! एका गावात तर वाफ्यांत शेळ्या बसलेल्या मी पाहिल्या. मुख्याध्यापक म्हणाले, "साहेब, सुट्टीत पाणी घालणार कोण?" प्रश्न रास्त होता. माझ्याजवळ त्या वेळी उत्तर नव्हतं.

ते उत्तर पुढे वाचनात आलं, तेही पार अमेरिकेतलं. बोस्टन शहराजवळ लिंकन नावाचं गाव आहे. तेथे वॉर्ड चेनी या शेतकऱ्याने 1991 साली 'द फूड प्रोजेक्ट' ही संस्था सुरू केली. शहरातल्या गरीब वस्तीतली आणि भोवतालच्या सुखवस्तू गावांतली किशोरवयीन मुलं-मुली उन्हाळी सुट्टीत एकत्र आणायची, त्यांच्याकडून भाजीपाला पिकवून घ्यायचा आणि त्यातला मोठा वाटा भुकेल्यांसाठी अन्न देणाऱ्या संस्थांना द्यायचा, अशी ही योजना. उरलेला माल शेतकरी बाजारात विकला जातो.

आपल्याकडे बाग वाळते ती सुट्टीतच. त्यांचं काम रंगात येतं तेही सुट्टीतच. यातली मेख अशी, की तेथे मुलांना फुकट राबवत नाहीत. त्यांना मेहनताना मिळतो. कामाचे नियम आधी ठरलेले असतात. उशीर झाला, दांडी मारली, तर पैसे कापले जातात आणि पुढे नीट काम केलं तर ते परत मिळवताही येतात. कोणाचं काय चांगलं, काय चुकलं, हे सगळ्यांनी बसून तोंडावर बोलायचं, अशीही पद्धत आहे. शिवाय आपण पिकवलेली भाजी जेथे शिजते, अशा अन्नछत्रांतही मुलं हात लावतात. आपली भाजी कोणाच्या ताटात गेली हे पोरानं एकदा पाहिलं, की दुसऱ्या दिवशी त्याला खुरपायला चल म्हणून सांगावं लागत नाही.

या संस्थेचं दुसरं काम बोस्टनच्या डडली भागातलं. तेथे जळालेल्या, पाडलेल्या घरांच्या जागा ओसाड पडून होत्या. जुन्या घरांचा रंग आणि पेट्रोलचा धूर यांमुळे तिथल्या मातीत शिसं उतरलेलं. म्हणून चांगली माती आणि कंपोस्ट आणून उंच वाफे केले, तेव्हा कुठे भाजी घेता आली. पुढे 2010 साली त्याच वस्तीत 10,000 चौरस फुटांचं हरितगृह उभं राहिलं.

आता आपल्या गावाकडे वळू. केंद्र सरकारने 2019 साली शाळांतील पोषण परसबागांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. बागेतली भाजी पोषण आहाराच्या खिचडी-आमटीत जावी, हा त्यामागचा हेतू. पण शाळा बंद झाली, चूल विझली, की बागही विझते. त्यासाठी ग्रामपंचायतीने पुढीलप्रमाणे करून पाहावं.

जागा एक गुंठाच घ्या, पण पाण्याजवळची. शाळेच्या आवारात बहुधा मुरूम आणि बांधकामाचा राडारोडा असतो, म्हणून तळ्यातला गाळ व कुजलेलं शेणखत घालून गादीवाफे करा. फेब्रुवारीतच भेंडी, गवार, चवळी, काकडी टोकून द्या, म्हणजे सुट्टी लागेपर्यंत तोडा चालू होईल. वाफ्यांवर पाचटाचं आच्छादन टाका. त्यानं पाणी कमी लागतं. बांधाला शेवगा व कढीपत्ता लावा.

मुलं घ्यायची ती चौदा वर्षांपुढचीच, नववी-दहावीची, आई-वडिलांच्या संमतीनं. त्याखालच्या मुलांना कामाला लावणं कायद्यानं गुन्हा आहे. काम सकाळी दोन तासच. फवारणीचा पंप आणि औषधाची बाटली मुलांच्या हाती अजिबात द्यायची नाही. मोबदला किती व कोठून, हे ग्रामसभेत आधी ठरवा आणि ठरल्या दिवशी हातात द्या. फुकट राबवणं म्हणजे शिक्षण नव्हे, ती वेठ झाली.

भाजी तोलून वहीत लिहा. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या, गरोदर बाया आणि घरात कमावतं माणूस नाही अशी घरं यांची यादी अंगणवाडीताई व आशाताईंकडून घ्या. भाजी घरपोच द्या, पण देताना फोटो काढू नका. भुकेलाही अब्रू असते. उरलेली भाजी आठवडी बाजारात विका आणि ते पैसेही वहीत मांडा.

एक गुंठ्यानं गावाची भूक भागणार नाही, हे मलाही कळतं. पण कोपऱ्यावरच्या खोपटात आज चूल पेटली का, हे पंधरा वर्षांच्या पोराला ठाऊक असणं ही लहान गोष्ट नव्हे. सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी आणि गुरुजींनी एकत्र बसून यंदा फेब्रुवारीच्या आत एवढं ठरवावं. बियाणं व वाफ्यांची आखणी यासाठी आपापल्या कृषी कार्यालयात या. आम्ही बांधावर यायला तयार आहोत.