पाट थेट खाचरात शिरला तर?

बोळिंजच्या वाडीत पाटाचे पाणी लहान सऱ्यांत शिरते, मंदावते आणि मग आळ्यांत मुरते. आपल्या मेंदूतही रोहिणीतील रक्त केशवाहिन्यांतून मंदावत नीलेत जाते. काहींच्या मेंदूत मात्र हा मधला टप्पाच नसतो; रोहिणी व नीला थेट जोडल्या जाऊन गुंता होतो. नीलेची भिंत पातळ. दाब वाढून दरवर्षी शंभरांतील सुमारे २ ते ४ रुग्णांत रक्तस्राव होतो.

गुंता वाढतो कसा? १९८९मध्ये वेगळा केलेला ‘व्हीईजीएफ’ हा वृद्धिघटक वाहिन्यांना नवे अंकुर फोडतो. गुंत्याच्या ऊतीत तो जास्त आढळतो. २०१८मध्ये ७२ पैकी ४५ रुग्णांच्या गुंत्यात ‘केरास’ जनुकातील बदल सापडला. त्यामुळे अस्तरपेशींना वाढीचा हुकूम सतत मिळत राहतो.

म्हणून वर्गात कुणाला अचानक असह्य डोकेदुखी किंवा आकडी आली, तर ते निमित्त समजू नये. तत्काळ रुग्णालय गाठावे.