विजेवर चालणारें कुलूप

१२ ऑक्टोबर २०२० रोजीं सकाळीं दहाच्या सुमारास मुंबई, ठाणें आणि नवी मुंबई या भागांतील वीज एकाएकीं गेली. कळवा व पडघे यांच्यामधील ४०० किलोव्होल्टच्या वाहिन्यांत झालेला बिघाड हें निमित्त. परिणाम असा झाला कीं, धांवत्या लोकल जागच्या जागीं थांबल्या. विठ्ठलवाडीच्या माणसाला लोकल थांबणें म्हणजे काय तें सांगावयास नको. कल्याण सोडून कर्जतकडे निघाल्यावर लागणारें पहिलें लहानसें स्टेशन तें. तेथें फलाटावर जावयास कार्ड लागत नाहीं. तिकीट खिशांत असावें आणि तपासनीस भेटला तर दाखवावें, येवढाच करार. हाच प्रवासी घाटकोपरला उतरून मेट्रोकडे वळला कीं चित्र पालटतें. ८ जून २०१४ रोजीं सुरू झालेल्या त्या मार्गावर तिकीट वा कार्ड यंत्राला दाखविल्यावांचून फाटक हलत नाहीं. पुढें कचेरीच्या इमारतींत शिरतांना गळ्यांतलें कार्ड भिंतीवरील काळ्या डबीला पुन्हां एकदां दाखवावें लागतें. हीं दारें उघडतात कशीं, आणि वीज गेल्यावर तीं काय करितात, हें त्यांतून रोज जाणाऱ्याला क्वचितच ठाऊक असतें.

१८९७ सालीं अर्देशीर गोदरेज यांनीं मुंबईस लालबागेंत कुलपें करण्याचा उद्योग आरंभिला. त्या जातीच्या कुलपांत सारा अधिकार किल्लीच्या दात्यांत सांठविलेला असतो. किल्ली ज्याच्या हातीं, त्याचें दार. ती हरवली तर कुलूपच बदलावें लागतें. आणि पन्नास माणसांना पन्नास किल्ल्या दिल्या असतील तर ती कथाच निराळी. कार्डाचें तसें नाहीं. कार्डांत अधिकार नसतोच, असतो फक्त एक क्रमांक. अधिकार असतो आंत ठेविलेल्या यादींत. नोकरी सोडून गेलेल्या माणसाचें कार्ड परत घेण्याचें राहून गेलें तरी बिघडत नाहीं. यादींतून त्याचा क्रमांक काढला कीं तें कार्ड प्लॅस्टिकचा एक तुकडा होऊन राहतें.

चार्ल्स वॉल्टन या अमेरिकन संशोधकानें १९७३ सालीं अशा बिनकिल्लीच्या दारासाठीं पेटंट मिळविलें. मौज अशी कीं, या कार्डांत बॅटरी नसते. त्याच्या पोटांत तांब्याच्या बारीक तारेचें वेटोळें आणि तांदळाच्या दाण्याहूनहि लहान असा एक सिलिकॉनचा कण असतो. भिंतीवरील डबी आपल्याभोंवतीं सतत बदलतें चुंबकीय क्षेत्र निर्माण करीत असते. तें सेकंदाला सव्वा लक्ष वेळां तरी कंप पावतें, कांहीं प्रकारांत एक कोट पस्तीस लक्षांहून अधिक वेळां. वेटोळें त्या क्षेत्रांत आलें कीं त्यांत वीज उत्पन्न होते. फॅरडेनें १८३१ सालीं दाखविलेलें तत्त्व तें हेंच. त्या उसन्या विजेवर कण क्षणभर जागा होतो, आपला क्रमांक सांगतो आणि पुन्हां निजतो. डबी तो क्रमांक आंतल्या नियंत्रक पेटीकडे पोंचविते. निर्णय देणारी ती पेटी. डबी म्हणजे केवळ दारावरचा निरोप्या. खर्च वांचविण्यासाठीं पुष्कळदां हे दोघेहि एकाच खोक्यांत घालून दाराबाहेर टांगतात. मग चोराला क्रमांक शोधण्याचेंहि श्रम नकोत. खोकें उचकटून दोन तारा जोडल्या कीं झालें.

कार्डाची नक्कल होते काय? होते. सव्वा लक्ष कंपांचें साधें कार्ड इतकें भोळें असतें कीं, जो विचारील त्याला आपला क्रमांक सांगतें. रस्त्यावर किल्ल्या बनविणारेहि आतां तशीं जोडकार्डें करून देतात. दुसऱ्या प्रकारचीं कार्डें गुप्तलिपींत बोलतात. परंतु त्यांपैकीं फार खपलेल्या ‘मायफेअर क्लासिक’ जातीची लिपि नेदर्लंड्समधील नायमेखेन विद्यापीठाच्या संशोधकांनीं २००८ सालीं उलगडून दाखविली. बोटाच्या ठशाची नक्कल याहून अवघड, पण तेथें अडचण निराळी. कळा घासून, कापड हातावरून सारून ज्यांचीं बोटें झिजलीं, त्यांना यंत्र ओळखीत नाहीं. शिवाय हरवलेलें कार्ड बदलतां येतें. बोट बदलतां येत नाहीं. अर्थात् सर्वांत सोपा मार्ग यांहून जुनाच आहे. पुढें गेलेला सज्जन मागून येणाऱ्या अनोळखी माणसासाठीं दार धरून उभा राहतो, आणि तेथें कोणत्याहि यंत्राचें कांहीं चालत नाहीं.

आतां वीज जाण्याची गोष्ट. या दारांना लावावयाचीं कुलपें दोन स्वभावांचीं असतात. एक विद्युच्चुंबकाचें: चौकटीवर चुंबक, दारावर लोखंडी पट्टी, बारा व्होल्टचा, सुमारें अर्ध्या अँपिअरचा प्रवाह चालू असेपर्यंत तें पावणेतीनशें किलोंचा ओढा सहज सोसतें. प्रवाह थांबला कीं दार मोकळें. दुसरें खिटीचें: त्याला उघडण्यासाठीं वीज लागते, आणि ती नसेल तर दार बंदच राहतें. पहिलें माणसाची बाजू घेतें, दुसरें मालाची. दोन्हींच्या पाठीमागें बॅटरी असते. नवी असतां ती कित्येक तास तग धरते, जुनी झाली कीं दिवे जातांच मान टाकते, आणि तिच्याकडे पाहतो कोण? कोणतें कुलूप कोठें लावावयाचें हा निर्णय बहुधा दुकानदाराच्या किंमतपत्रकावर सोडला जातो. तिजोरीच्या खोलीला खिटी शोभते. ज्या दारानें माणसें बाहेर पडावयाचीं, त्याला ती लावतांना आंतून हातानें फिरणारी मूठ असलीच पाहिजे.

२५ मार्च १९११ रोजीं न्यूयॉर्कमधील ट्रँगल नांवाच्या शिवणकामाच्या कारखान्यास आग लागली आणि १४६ जणांचे प्राण गेले. बाहेर जाण्याच्या एका दाराला कुलूप होतें. कामगारांनीं माल लांबवूं नये म्हणून तें लावीत असत, असें पुढें खटल्यांत साक्षीदारांनीं सांगितलें. विठ्ठलवाडीच्या शेजारीं उल्हासनगरांत जीन्स शिवण्याचा धंदा मोठा आहे. मजल्यावर मजले, कापडाचे ढीग आणि एखादा अरुंद जिना हें दृश्य तेथें अपरिचित नाहीं. अशा ठिकाणीं चोरीच्या भीतीनें बसविलेलें कुलूप आगीच्या वेळीं काय करील, हा प्रश्न तें विकत घेण्यापूर्वींचा आहे. महाराष्ट्रांत २००६ चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम आहे, आणि त्यान्वयें जानेवारींत व जुलैंत यंत्रणा चालू असल्याचें प्रमाणपत्र द्यावें लागतें. तें देतांना दारांचीहि विचारपूस व्हावयास हवी. आगीची घंटा वाजतांच चुंबकाचा प्रवाह थेट तारेनें तुटला पाहिजे. संगणकाला विचारून नव्हे, कारण तो त्या वेळीं चालू असेलच असें नाहीं. आंतल्या बाजूस दाबावयाचें बटणहि पेटीला न विचारतां प्रवाह तोडणारें असावें.

याची परीक्षा अवघड नाहीं. कचेरी सुटल्यावर एखाद्या संध्याकाळीं एक माणूस आंत आणि एक बाहेर उभा करावा, दार लावून घ्यावें आणि मुख्य स्विच बंद करावा. बॅटरीची तारहि काढावी. मग आंतल्यानें दार ढकलून पाहावें.