हेडसेट घेताना फोर्कला नको, फ्रेमला विचारा

"फोर्क टेपर्ड आहे ना? मग टेपर्ड हेडसेट मागव, बसतो." यवतेश्वरचा घाट पहाटे चढणारे सातारकर असोत, की मिरजेजवळच्या दंडोबाच्या डोंगरात कच्च्या वाटा धुंडाळणारे सांगलीकर, माउंटन बाइकवाल्यांच्या गप्पांत हे वाक्य हमखास येतं. सांगणारा छातीठोकपणे सांगतो, ऐकणारा तिथल्या तिथे मोबाइलवर ऑर्डर टाकतो. मग आलेला कप एक तर फ्रेमच्या तोंडात शिरत नाही, नाहीतर शिरून खुळखुळतो. त्यानंतर सुरू होतात उपाय : लाकडाचा ठोकळा, हातोडी, पॉलिश पेपर, एम-सील. पोलादी फ्रेम हे सगळं बऱ्याचदा निमूट सोसते. कार्बन सोसत नाही. जुनी कार्बन फ्रेम घेऊन तिच्यावर एकेक भाग चढवणारे आता आपल्याकडेही वाढलेत, म्हणून हा विषय एकदा नीट सांगून टाकायला हवा.

हेडसेट म्हणजे हँडल ज्यांवर वळतं ती दोन बेअरिंगं आणि त्यांना धरून ठेवणारे भाग. एक बेअरिंग फ्रेमच्या पुढच्या नळीच्या, म्हणजे हेड ट्यूबच्या, वरच्या तोंडाशी, दुसरं खालच्या. दोन्हींतून फोर्कची दांडी, म्हणजे स्टीअरर, आरपार जाते. त्यामुळे हेडसेटला दोन मापं सांभाळावी लागतात : आतून फोर्कचं आणि बाहेरून फ्रेमचं. 'टेपर्ड' म्हटल्यावर कळतं ते फक्त आतलं माप. स्टीअरर वर एक इंच एक सूत, म्हणजे २८.६ मिमी, आणि खाली दीड इंच. फ्रेमच्या भोकाबद्दल त्यातून काहीही कळत नाही. तरी लोक त्याच एका शब्दावर पैसे मोकळे करतात.

बरं, तो शब्द फोर्कबद्दलही पुरता भरवशाचा नाही. जायंट कंपनीच्या 'ओव्हरड्राइव्ह २' पद्धतीत स्टीअरर टेपर्डच असतो, पण वरचं माप सव्वा इंच. म्हणजे आतल्या मापातही 'टेपर्ड आहे' एवढं सांगून भागत नाही.

खरा गुंता मात्र फ्रेमच्या बाजूला आहे. त्याच एका टेपर्ड फोर्कसाठी फ्रेमचं वरचं भोक ४१, ४२, ४४ किंवा ४९ मिमी जातीचं असू शकतं. खालचं ४४, ४९, ५२ किंवा ५६. शिवाय बसवण्याचे प्रकार तीन. पहिल्यात कप फ्रेममध्ये दाबून बसवतात आणि बेअरिंग फ्रेमच्या बाहेर राहतं. दुसऱ्यात कप दाबूनच बसवतात, पण बेअरिंग हेड ट्यूबच्या आत जातं. तिसऱ्यात कपच नसतो. फ्रेम बनवतानाच आत बैठक तयार केलेली असते आणि बेअरिंग थेट तिच्यात बसतं. कार्बन माउंटन बाइकमध्ये बहुतेक वेळा दुसरा किंवा तिसरा प्रकार सापडतो आणि सायकल जोडलेली असताना हे दोन्ही बाहेरून जवळपास सारखेच दिसतात. म्हणून ग्रुपवर सायकलचा फोटो टाकून "कोणता हेडसेट लागेल?" असं विचारण्यात अर्थ नाही, आणि त्या फोटोवरून छातीठोक उत्तर देण्यात तर त्याहून नाही.

या गोंधळावर उत्तर निघालेलं आहे, तेही दशकभरापूर्वी. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनातल्या केन क्रीक कंपनीच्या पुढाकारानं हेडसेट ओळखण्याची 'एसएचआयएस' ही सामाईक पद्धत तयार झाली. ती वाचायला दोन मिनिटांत येते. बाहेरच्या कपाला 'ईसी', आत दाबलेल्या कपाला 'झेडएस' आणि बिनकपाच्या प्रकाराला 'आयएस'. अक्षरांनंतरचा पहिला आकडा फ्रेमच्या भोकाचा, तिरप्या रेघेनंतरचा फोर्कचा. 'झेडएस ४४/२८.६' म्हणजे ४४ च्या भोकात दाबून बसणारा आणि २८.६ च्या स्टीअररला चालणारा वरचा भाग. त्याचा नेहमीचा जोडीदार 'झेडएस ५६/४०'. दीड इंच म्हणजे ३८.१ मिमी होतात, मग हे ४० आले कुठून, असा प्रश्न इथे पडतो. ते माप दांडीचं नाही. फोर्कच्या मुळाशी खालची कडी, म्हणजे क्राउन रेस, जिथे बसते त्या जागेचं ते माप आहे. ती जागा ३९.८ मिमी असते, म्हणून सोयीसाठी ४०.

बिनकपाच्या प्रकारात आणखी एक खाच आहे. 'आयएस ४१' आणि 'आयएस ४२' यांत फरक एका मिलिमीटरच्या आसपासचा वाटतो, पण बेअरिंगच्या कडांचे कोनही वेगळे असतात. ४१ च्या जातीत ते ३६ आणि ४५ अंश, ४२ च्या जातीत दोन्हीकडे ४५. चुकीच्या कोनाचं बेअरिंग पूर्ण पृष्ठभागावर न टेकता एका बारीक रेघेवर टेकतं. सगळा भार त्या रेघेवर येतो आणि मधे कप नसल्यामुळे झिजते ती थेट फ्रेम. बेअरिंग चार पैशांत मिळेल, बैठक मिळणार नाही.

आता हातोडीकडे वळू. दाबून बसणारा कप भोकापेक्षा किंचित मोठा असतो. हा सगळा खेळ मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याचा. धातू तेवढ्याला ताणून सामावून घेतो. कार्बन म्हणजे राळेत बसवलेले धाग्यांचे थर. कप तिरका घुसला तर ते थर सुटतात किंवा आत चिकटवलेली अॅल्युमिनियमची बाही निखळते, आणि बाहेरून काही दिसतही नाही. म्हणून कप स्क्रूच्या प्रेसनं सरळ, सावकाश दाबायचा. बिनकपाच्या प्रकारात तर बेअरिंग बोटांनी बसलं पाहिजे. ठोकावं लागत असेल तर ते तुमच्या फ्रेमचं नाहीच.

"मग लेथवर भोक मोठं करून घेऊ," हा पुढचा सल्ला. आपल्या मुलखात तो सुचणं स्वाभाविकच आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात १८८८ साली धंद्याला सुरुवात केली ती सायकलच्या दुकानानं, आणि १९१० मध्ये आपल्या कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली. आज पलूस-कुपवाडकडचा टर्नर तुम्हाला कप अगदी मापात कातून देईल. त्याच्या हाताबद्दल शंका नाहीच. पण कप कातणं वेगळं आणि कार्बनचं भोक कातणं वेगळं. कार्बन खरवडला की भार वाहणारे धागेच तुटतात, फ्रेमची वॉरंटी जाते आणि ती बारीक धूळ फुप्फुसात जाते ती निराळीच.

दुसरा मोठा गैरसमज किमतीचा. "कार्बन फ्रेम आहे, मग सिरॅमिक बेअरिंगच शोभतं." शोभत असेल, उपयोग काय? चाकाचं बेअरिंग अखंड फिरतं, हेडसेटचं नाही. वाटेवर ते काही अंशच इकडेतिकडे हलतं. ते मरतं पाण्यानं, मातीनं आणि सुकलेल्या ग्रीसनं. सातारा जिल्ह्याच्या एका टोकाला महाबळेश्वर, तिथे वर्षाला ५००० मिमीच्या वर पाऊस. दुसऱ्या टोकाला माण-खटाव आणि पुढे सांगलीतले आटपाडी-जत, तिथे ५०० मिमीच्या आसपास पाऊस आणि उरलेलं वर्ष धूळ. कासच्या बाजूचा तांबडा चिखल आणि जतकडची धूळ, दोन्ही खालच्या बेअरिंगवरच उडतात. तेव्हा पैसे घालायचे तर चांगल्या रबरी सीलवर घाला. सीलबंद आणि गंजाला टिकणारं पोलादी बेअरिंग इथे पुरतं.

उरलेले गैरसमज थोडक्यात.

"कार्बन गंजत नाही, ग्रीस कशाला?" कार्बन गंजत नाही, पण ओलाव्यात त्याला टेकलेलं अॅल्युमिनियम गंजतं. कपाला काय लावायचं ते फ्रेमच्या कंपनीनं दिलेलं असतं, बेअरिंगला मात्र ग्रीस हवंच.

"कार्बन फ्रेमला स्टार नट चालत नाही." स्टार नट, म्हणजे टॉप कॅपचा बोल्ट ज्यात आवळतो तो नट, बसतो स्टीअररमध्ये. माउंटन बाइकच्या बहुतेक सस्पेन्शन फोर्कचा स्टीअरर अॅल्युमिनियमचा असतो, तिथे तो चालतो. स्टीअररच कार्बनचा असेल तरच वर्ज्य.

"टॉप कॅप जितकी घट्ट, तितका फोर्क पक्का." टॉप कॅपचं, म्हणजे स्टीअररच्या वरच्या टोकावरच्या झाकणाचं, काम फक्त खडखड काढण्याचं. फोर्क धरून ठेवतात ते स्टेमचे, म्हणजे हँडल स्टीअररला जोडणाऱ्या भागाचे, बोल्ट. म्हणून आधी कॅप, मग स्टेम.

"खड्ड्यांत आपटून बेअरिंगमध्ये खाचा पडतात." सरळ जाताना हँडल न वळता होणाऱ्या सूक्ष्म घासणीनं त्या पडतात. 'द बायसिकल व्हील'चे लेखक, अभियंते जोब्स्ट ब्रँट यांनी हे सविस्तर मांडलं आहे.

"करकर आली, की अख्खा हेडसेट बदला." बहुतेक वेळा एक बेअरिंग बदलून काम होतं, तेही बहुधा खालचं.

"धुलाई केंद्रात प्रेशरनं धुतली की सायकल खूश." तो फवारा सीलच्या आत पाणी घालतो. बादली आणि फडकं पुरे.

मग निवडायचं कसं? फ्रेमचं नाव, मॉडेल आणि वर्ष शोधून कंपनीच्या तक्त्यात वरचा आणि खालचा असे दोन्ही कोड पाहा. ते वेगवेगळे असू शकतात. तक्ता मिळाला नाही, तर फोर्क काढा आणि जुनं बेअरिंग पुसून त्याच्या कडेवर कोरलेलं वाचा. '४० x ५२ x ७, ४५ x ४५' असं काही सापडेल : आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी आणि दोन कोन. तेही पुसलं गेलं असेल, तर व्हर्निअरनं दोन्ही भोकं मोजा. जवळच्या कुठल्याही वर्कशॉपमध्ये तो असतो. हे आकडे दुकानदाराला सांगा. त्यानंतरही तो "टेपर्ड आहे का?" एवढंच विचारत असेल, तर दुकान बदला.