शेळीचे दूध : आधी करडू, मग चरवी



मोडनिंब भागात वस्तीवर शेळी नवी नाही. पण दुधासाठी शेळ्या पाळायच्या, तर शेळ्या विण्याच्या हंगामात खरेदी करावी. विलेली शेळी करडासह मिळते, धारही पारखता येते. तटतटलेली कास बघून भुलू नका. दूध तुंबवलेलं असू शकतं. लागोपाठ दोन वेळच्या धारा बघूनच सौदा करावा.

आपली उस्मानाबादी शेळी काटक, बऱ्याचदा जुळी देणारी. पण दूध दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर. त्यात दोन करडांचा वाटा काढून विकायला किती उरेल, हा हिशोब आधी मांडा. दोन-तीन शेळ्यांनीच सुरुवात बरी.

शेळी सुमारे १५० दिवसांनी विते. विण्याच्या महिनाभर आधी आंत्रविषाराची लस टोचून घ्यावी. करडू जन्मताच नाळेला टिंक्चर आयोडिन लावावे आणि तासाभरात चीक पाजावा. दोन किलोच्या करडाला पहिल्या दिवशी थोडाथोडा करून २०० ग्रॅम चीक हवा. खरवसाच्या मोहात करडाचा चीक तोडू नका.

आता वाढ्याविषयी. गळीत सुरू झालं की शेळीपुढं नुसतं वाढं पडतं. वाढ्यातील ऑक्झलेटमुळे चाऱ्यातला चुना अंगी लागत नाही, आणि दुभत्या शेळीला तोच जास्त लागतो. म्हणून वाढ्याबरोबर शेवरी, हादगा किंवा लसूणघास आणि क्षारमिश्रण द्यावे. बांधावर शेवरी लावून ठेवावी.

दुधाचा पैसा रोजचा, बोकडाचा वर्षाचा. चार कप दुधापायी करडू गमावलं, तर वर्षाचा पैसा बुडाला.