पडद्यामागचे सूर

एक जानेवारीला दुपारी लेकीने मोबाईल टीव्हीला जोडून व्हिएन्नाच्या वाद्यवृंदाचा नववर्षाचा कार्यक्रम लावला. मी चहा टाकत होते. खरं सांगते मैत्रिणींनो, मला त्या संगीतातलं काही कळत नाही. पण ग्रामसभा असो की बँकेचा मेळावा, गेल्यागेल्या बायका किती आल्यात ते मोजायची मला खोडच लागली आहे. इथेही मोजायला लागले. काळ्या कोटांच्या त्या गर्दीत इथे एक, तिथे दोन. "एवढ्याच?" मी विचारलं. लेक म्हणाली, "आई, पूर्वी एवढ्याही नव्हत्या."

मग मी जरा वाचलं, आणि थक्क झाले. व्हिएन्नाचा हा वाद्यवृंद १८४२ सालचा. त्याने बाईला सभासद करून घेतलं ते थेट १९९७ मध्ये, तेही जगभरातून टीका झाल्यावर. पहिली सभासद झाली हार्प वाजवणारी ॲना लेल्केस. गंमत म्हणजे ती तिथे वीसहून अधिक वर्षं वाजवतच होती! काम चालत होतं, नाव चालत नव्हतं. बायका बाळंतपणाची रजा घेतील, ही एक मोठी अडचण सांगितली जायची. हे वाक्य आपल्यापैकी कितीजणींनी कुठे कुठे ऐकलंय, ते मी मोजत बसत नाही. बर्लिनच्या वाद्यवृंदातही पहिली बाई आली १९८२ मध्ये, स्थापनेनंतर शंभर वर्षांनी.

पण मला झोपू दिलं नाही ते ॲबी कोनंट या अमेरिकन बाईच्या कहाणीने. ती ट्रॉम्बोन वाजवते. नळी पुढे-मागे सरकवत फुंकायचं ते पितळी वाद्य. फुंकायला दम लागतो, म्हणून ते पुरुषाचंच, अशी समजूत. १९८० मध्ये तिने जर्मनीत म्युनिकच्या वाद्यवृंदाकडे अर्ज केला. बोलावणं आलं, पण पत्रावर लिहिलेलं होतं 'श्रीमान ॲबी कोनंट'. नावावरून त्यांना कळलंच नव्हतं. उमेदवार तेहतीस. त्यातल्या एकाची तिथे ओळख होती, म्हणून पक्षपात नको या विचाराने सगळ्यांना पडद्याआड वाजवायला लावलं. ॲबीचा नंबर सोळावा. तिला वाटलं, एक सूर चुकला, आता गेलं. पण तिचं वाजवणं संपताच, हाच माणूस हवा, असं म्हणून बाकीच्यांना परत पाठवलं गेलं. पडद्यामागून बाहेर आली ती बाई! सगळे बघतच राहिले.

इथे गोष्ट संपली असती तर गोड झाली असती. वर्षभरातच तिला मुख्य जागेवरून खाली, दुसऱ्या ट्रॉम्बोनवर बसवलं. प्रमुख संचालक सर्जू चेलिबिदाके यांनी कारण स्पष्टच सांगितलं, त्या जागी पुरुष हवा. ती कोर्टात गेली. मग तिला दम किती आहे, ते सिद्ध करायला लावलं. छातीच्या डॉक्टरांकडे तपासणी, यंत्रात फुंकणं, प्राणवायू किती घेते ते बघायला रक्त काढणं. तिथल्या नर्सने विचारलं म्हणे, तुम्ही खेळाडू आहात का? जागा परत मिळाली, तर पगार पुरुषांपेक्षा कमी. पुन्हा कोर्ट. १९९३ पर्यंत, तेरा वर्षं हे चाललं. शेवटी ती जिंकली, आणि नंतर संगीताची प्राध्यापक झाली. मला राहून राहून वाटतं, तेरा वर्षं रोज त्याच लोकांच्या शेजारी बसून वाजवायचं म्हणजे काय असेल? सासुरवास म्हणतात तो हाच.

पडद्याची ही पद्धत अमेरिकेत जुनी. बोस्टनच्या वाद्यवृंदाने ती १९५२ मध्येच सुरू केली, आणि १९७०नंतर ती बहुतेक मोठ्या वाद्यवृंदांत आली. टाचांच्या आवाजावरून बाई ओळखू येते, म्हणून काही ठिकाणी जमिनीवर गालिचाही अंथरतात. आपल्याकडे असतं तर बांगड्या काढून ठेवाव्या लागल्या असत्या! तिथल्या पाच मोठ्या वाद्यवृंदांत १९७० मध्ये शंभरात पाचही बायका नव्हत्या, १९९७ पर्यंत पंचवीस झाल्या. क्लॉडिया गोल्डिन आणि सेसिलिया राऊस या दोघींनी २०००मध्ये याचा अभ्यास छापला. पडद्यामुळे नेमका किती फरक पडला, यावर पुढे काही अभ्यासकांनी शंका घेतल्या, पण संख्या वाढली ती वाढलीच. गोल्डिनबाईंना बायकांच्या नोकरी-पगारावरच्या कामासाठी २०२३ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. न्यूयॉर्कच्या वाद्यवृंदात तर २०२२ मध्ये बायका पुरुषांपेक्षा एकीने जास्त झाल्या.

त्याच वाद्यवृंदाची दुसरी बाजू बघा. १९७८ ते १९९१ तिथे आपले मुंबईचे झुबिन मेहता संगीत संचालक होते, म्हणजे गोरा नसलेला माणूस सर्वात वर बसू शकला. पण खाली वाजवणाऱ्यांत कृष्णवर्णीय किती? पहिला कायम सभासद सॅनफर्ड ॲलन, व्हायोलिनवादक, १९६२ मध्ये. एखाद्या वाद्याच्या प्रमुखाच्या जागी कृष्णवर्णीय अमेरिकन वादक यायला २०१४ उजाडलं, क्लॅरिनेटवादक अँथनी मॅकगिल. अमेरिकेतल्या सगळ्या वाद्यवृंदांत मिळून २०१४ मध्ये कृष्णवर्णीय शंभरात दोनही नव्हते. पडदा तर त्यांच्यासाठीही होता! काहीजण आता म्हणतात, पडदाच काढा, माणूस बघून निवडा. मला ते पटत नाही. पडदा काढला की ओळखीपाळखी परत आल्याच. पण पडद्यापर्यंत पोचायलाच लहानपणापासून शिकवणी लागते, महागडं वाद्य लागतं, परीक्षेच्या गावी जायचं भाडं लागतं. ज्याच्याकडे हे नाही, त्याला पडदा असला काय नि नसला काय.

हे मला इतकं का लागलं, ते सांगते. दोन वर्षांपूर्वी एका भजनस्पर्धेत मी परीक्षक होते. एका मोठ्या घरच्या बाईंचं मंडळ गायला बसलं आणि त्यांनी तोंड उघडण्याआधीच आमचे गुण ठरल्यासारखे होते. मीसुद्धा दोन गुण जास्तच दिले. कोणी सांगितलं नव्हतं, हात आपोआप वळला. यंदा बैठकीत मी म्हटलं, पडदा लावून गाऊ या. सगळ्या हसल्या. "अहो वहिनी, मग एकसारख्या साड्या घेऊन उपयोग काय?" तरी हो-नाही करता करता तयार झाल्या.

मोठ्या उत्साहाने मी वस्तीवरच्या बायकांना सांगायला गेले. आता घाबरू नका, कोण गातंय ते कुणाला दिसणार नाही. त्यांतली एक गाते काय सुंदर! पण आजवर नाव दिलं नव्हतं. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "ताई, पडदा लावा नाही तर काढा. आमच्याकडं पेटी कुठाय? आन् रानातून येईस्तोवर सात वाजत्यात."

सरावाची वेळ रात्री आठची ठरवली आहे. पेटी मात्र अजून मिळालेली नाही. कुणाच्या माळ्यावर एखादी पडून असेल, भाता फाटलेला असला तरी चालेल, दुरुस्त करून घेऊ.